भुशाचा ओटा

सुप्रभा माझ्या धाकट्या भावाची, नीलकंठची, बायको. लग्न होऊन मिरजेला आमच्या घरी आली तेव्हा माझ्या आईची तिच्याबद्दल एकच तक्रार होती: ही पोरगी करते सगळं, पण सांगत काही नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तर ती गुपचूप एक बटाटा चिरून टाकायची. आमटी सुधारायची, पण मीठ कोणी जास्त घातलं आणि कोणी निस्तरलं, हे कोणाला कळायचं नाही. आई म्हणायची, "अगं, तोंडाने सांगितलंस तर जीभ झिजेल का तुझी?" सुप्रभा हसायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

पुढे नीलकंठला जपानमध्ये, सेंदाईच्या विद्यापीठात, धातूंवरच्या संशोधनाची नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेली. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मूल झालं नाही. त्याबद्दल दोघांनी कधी कोणाला विषय काढू दिला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी सुप्रभाने आयुष्यातली पहिली नोकरी धरली, आणि ती मिळाली कचऱ्यामुळे. तिकडे कचरा वेगवेगळा करून वाराप्रमाणे बाहेर ठेवावा लागतो, आणि ती जागा नीट ठेवायची पाळी इमारतीतल्या प्रत्येक घराला येते. सुप्रभा दुधाचे रिकामे खोके धुवायची, कात्रीने उलगडायची, वाळवायची आणि एकसारख्या चळती करून दोरीने बांधायची. खालच्या मजल्यावरच्या ओइकावा-सान, म्हणजे ओइकावाबाईंनी वर्षभर त्या चळती पाहिल्या आणि एक दिवस जिन्यात थांबवून विचारलं, "आमच्याकडे काम कराल का?" त्या एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात मुख्य सेविका होत्या. प्राणी म्हणजे पांढरे उंदीर, आपल्याकडच्या घुशीएवढे.

सुप्रभाने तीन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. नीलकंठ भेटेल त्याला सांगत सुटला, "आमची बायको गणपतीच्या वाहनाची ड्रायव्हर झाली!"

ते काम तिने बारा वर्षं केलं. मी प्राणिगृह पाहिलेलं नाही. बाहेरच्या माणसाला तिथे सोडत नाहीत. पण तिच्याकडून इतकं ऐकलंय की डोळे मिटले तरी दिसतं. खिडकी नसलेली खोली. उष्णता बारा महिने सारखी. दिवे घड्याळावर आपोआप लागणार आणि आपोआप विझणार. भिंतीला लावलेल्या कप्प्यांत पारदर्शक पिंजरे, एकेका पिंजऱ्यात एकेक उंदीर, खाली लाकडाचा भुसा. वरच्या जाळीवर पाण्याची बाटली उलटी ठेवलेली आणि तिची पोलादी नळी आत उतरलेली. उंदराने मागच्या पायांवर उभं राहायचं आणि नळीला तोंड लावायचं.

सकाळी नऊला सुप्रभा एकेक बाटली काढून वजन करायची. कालचं वजन वजा आजचं वजन, म्हणजे त्या उंदराने दिवसभरात प्यायलेलं पाणी. एक पिंजरा मुद्दाम रिकामा ठेवलेला असायचा. त्याच्यावरही बाटली. नुसतं ठिबकून किती पाणी जातं, ते कळावं म्हणून. त्या रिकाम्या पिंजऱ्याचीही बाटली ती तेवढ्याच गांभीर्याने मोजायची.

मी एकदा विचारलं होतं, "बोलतेस का गं त्यांच्याशी?"

"छे," ती म्हणाली. "बोललं की त्यांना वाटतं खायला आलं. उगाच आशा कशाला लावायची?"

बोलायची नाही, पण बघायची. उंदराचं वय ती त्याच्या पाणी पिण्यावरून सांगायची. तरुण उंदीर दिवे विझले की उठतो आणि घटाघटा पितो, मग रात्रभर खेळतो. वय झालं की पिणं तुटक होतं. एक घोट, झोप, पुन्हा एक घोट. मग दिवसाउजेडीही उठून पिऊ लागतो. आणि अगदी म्हातारा झाला की तो नळीखाली येऊन नुसता बसतो.

"बसतो म्हणजे?"

"लगेच पीत नाही, ताई. उभं राहायचं असतं ना. मागचे पाय थरथरतात. मनाशी ठरवत असतो बहुतेक. कधी उठतो, कधी तसाच परत कोपऱ्यात जातो."

हे तिच्या लक्षात आलं ते क्षितिजच्या प्रयोगात.

क्षितिज इचलकरंजीचा. आता चौतीस वर्षांचा. पीएच.डी. करून सेंदाईला आला आणि पाच वर्षांच्या कराराने त्याच संस्थेत लागला. त्याचा प्रयोग तहानेवर होता: जसजसं वय वाढतं तसतसं पाणी पिणं कसं बदलतं. चाळीस उंदीर लहानपणापासून म्हातारे होईपर्यंत पाळायचे आणि रोज पाणी मोजायचं. उंदराचं म्हातारपण दोन वर्षांनी येतं. त्याला घाई करता येत नाही. शेजारच्या कप्प्यात तरुण उंदरांचे पिंजरे ठेवलेले, तुलनेसाठी.

पहिल्याच महिन्यात त्याला आणि सुप्रभाला कळलं की दोघंही सांगली-कोल्हापूरकडची. मग क्षितिज, त्याची बायको मिताली आणि लेक ओवी दर रविवारी सुप्रभाकडे जेवायला येऊ लागली. प्राणिगृहात तो तिला "सुप्रभा-सान" म्हणायचा आणि बाहेर पडल्यावर "काकू."

उंदीर एकोणीस महिन्यांचे झाले तेव्हा त्यांतले काही नळीखाली बसून राहू लागले. सुप्रभाने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने मूठभर जास्तीचा भुसा घेतला आणि नळीखाली ठेवून मुठीने दाबला. छोटासा ओटा झाला. उंदीर त्याच्यावर चढला आणि चारी पाय टेकून पाणी प्यायला. मग जे जे बसताना दिसतील त्यांना त्यांना ती ओटा करून देऊ लागली. संध्याकाळपर्यंत तो विस्कटायचा. सकाळी बाटली काढताना ती पुन्हा दाबून बसवायची.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. प्राणिगृहात कामाची नियमपुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं: दर पिंजऱ्याला दोन माप भुसा, सपाट पसरून. ओटा म्हणजे नियमाबाहेरचं. ओइकावा-सान ओरडल्या नसत्या, पण त्यांना ते वर कळवावं लागलं असतं, बैठक भरली असती, आणि एवढ्याशा भुशासाठी कोण बैठक भरवतं? शिवाय सुप्रभाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. मीठ जास्त झालं, बटाटा टाकला.

ऑक्टोबरमध्ये नीलकंठला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. नोव्हेंबरच्या अखेरीला सुप्रभाने काम सोडलं.

तिकडे काम सोडताना पुढच्या माणसासाठी सगळं लिहून द्यायची रीत आहे. तिला हिकित्सुगी म्हणतात. सुप्रभाने चौदा पानं लिहिली, जपानीत. कुठल्या बाटलीचं बूच सैल आहे, कुठला उंदीर चावतो, तराजू थंडीत किती वेळ स्थिर होऊ द्यायचा, सगळं. ओइकावा-सान म्हणाल्या, इतकं नीट हिकित्सुगी मी बत्तीस वर्षांत पाहिलं नाही. त्या चौदा पानांत ओट्याचं नाव नव्हतं. नियमाबाहेरची गोष्ट लिहायची कशी, हे तिला समजलं नाही, आणि मग नीलकंठच्या धावपळीत ते राहूनच गेलं. तिच्या जागी आलेल्या बाईंनी चौदा पानं तंतोतंत पाळली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी नव्वद दिवसांच्या व्हिसावर सेंदाईला गेले. सुप्रभा वाळली होती, पण घर तसंच लख्ख होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी नीलकंठला दिवसभराच्या केंद्रात न्यायला गाडी यायची. बाकीचे दिवस तिचे. त्याला साधं पाणी चालत नसे. घशात अडकून ठसका लागायचा. पाण्यात एक पूड घालून ते खिरीसारखं दाट करायचं आणि चमच्याने द्यायचं. दर दोन तासांनी, घड्याळ लावून.

जुलैच्या पहिल्या रविवारी क्षितिजचं कुटुंब जेवायला आलं. भरलेली वांगी होती, भात होता. तो आल्या आल्याच खुशीत होता.

"आत्या, पेपर गेला!" त्याने मला सांगितलं. मी नीलकंठची बहीण म्हणून त्याने मला आत्या करून टाकलं होतं. "मोठ्या जर्नलला गेलाय. रिव्ह्यू चांगले आले तर ऑगस्टच्या कमिटीत माझी नोकरी पर्मनंट. नाहीतर मार्चमध्ये गाशा गुंडाळायचा."

"आधी जेव," मिताली म्हणाली. "गाशा नंतर."

ओवी टाळ्या वाजवत म्हणाली, "मिझु! मिझु!"

"पाणी म्हण गं," मिताली म्हणाली. "इथे तरी पाणी म्हण."

"मिझु," ओवीने निक्षून सांगितलं.

जेवणं झाल्यावर क्षितिजने टॅब्लेटवर आलेख उघडला आणि मला समजावू लागला. चांगला शिक्षक झाला असता. एक रेघ तरुण उंदरांची, सरळ. दुसरी म्हाताऱ्यांची. ती बरेच महिने जरा जरा उतरत होती आणि मग एके ठिकाणी पायरी तुटल्यासारखी धाडकन खाली आली होती.

"बघा. बावीस महिन्यांपर्यंत हळूहळू कमी. आणि मग एकदम निम्मं. आम्ही सगळं तपासलं: तापमान, खाणं, बाटल्या. तरुणांचं पाणी तसूभर हललेलं नाही. म्हणजे खोलीत काही बदललं नाही, बदललं ते वय. एका ठरावीक वयानंतर मेंदूतली तहानच विझते. हीच आमच्या पेपरची मुख्य लाइन." त्याने नीलकंठकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "काकांचंच बघा ना. पाणी मागतात का कधी? तहानच लागत नाही."

"त्यांना लागते," सुप्रभा स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी उभी होती, तिथूनच म्हणाली. "मागता येत नाही."

मग ती हात पुसत आली आणि आलेखावर वाकली. "ही पायरी कुठल्या महिन्यातली?"

"डिसेंबर. नोव्हेंबरची अखेर, डिसेंबरची सुरुवात."

तिने बोट त्या पायरीवरून खाली आणलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती राहिलेत?"

"अकरा. बाकीचे वयाने गेले."

"आणि भुसा किती घालतात?"

"मॅन्युअलप्रमाणे. दोन माप. का हो, काकू?"

"काही नाही," सुप्रभा म्हणाली, आणि ओवीसाठी कलिंगड कापायला गेली.

ती मंडळी गेल्यावर तिने मला सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी तिला तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मूठभर भुसा, थरथरणारे पाय, चौदा पानं. शेवटी म्हणाली, "ताई, तहान लागत होती त्यांना. नळीखाली बसून राहिले असतील. सात महिने. आणि आम्ही लिहिलं की तहान विझली."

मंगळवारी नीलकंठची गाडी गेल्यावर आम्ही दोघी बसने संस्थेच्या फाटकापर्यंत गेलो. आत जायचं तिचं कार्ड परत दिलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत क्षितिज बाहेर आला, आणि फाटकाजवळच्या बाकावर बसून तिने त्याला सांगितलं. तो आधी हसला.

"काकू, मूठभर भुशाने? अहो, दोन-तीन सेंटिमीटर!"

"तुझी उंची किती?"

"पाच फूट आठ. का?"

"नळ सहा फुटांवर असला तर तू उडी मारून पिशील. काका काय करतील?"

तो पाय हलवत राहिला. "पण मग बाकी कोणाला कसं नाही दिसलं?"

"दिवसभर कोण थांबतं तिथे? बाटली मोजतात, उंदीर कोण बघतं?" ती म्हणाली. "माझी चूक आहे. मी लिहायला हवं होतं. तू आज सहा पिंजऱ्यांत ओटा करून बघ. पाच तसेच ठेव. माझं खोटं ठरलं तर मला फार बरं वाटेल."

शुक्रवारी संध्याकाळी तो एकटाच आला. बूट काढून आत आला आणि जमिनीवरच बसला. सुप्रभाने चहा ठेवला तो त्याने उचलला नाही.

"पाच पिंजरे आहे तसेच. चौदा ग्रॅम, पंधरा, सोळा," तो म्हणाला. "आणि ज्या सहांना ओटा केला... त्यांतला एक तर पहिल्या दिवशी एक्केचाळीस ग्रॅम प्यायला. तरुण उंदीरही इतकं पीत नाही. मी उभा राहून पाहिलं. तो पीतच होता, काकू. थांबतच नव्हता."

शेजारच्या खोलीत नीलकंठचा टीव्ही चालू होता.

"मग आता अकराही पिंजऱ्यांत ओटा आहे ना?" सुप्रभाने विचारलं.

त्याने मान वर केली नाही.

"क्षितिज?"

"काढला."

"काढला म्हणजे?"

"सपाट केला. सहाही पिंजऱ्यांत." तो भराभर बोलू लागला. "अहो, पाणी रोज सिस्टिममध्ये चढतं. आमचे हेड, सेन्सेई, बघतात. एकदम आकडे वर गेले तर विचारणार, काय झालं? दोन दिवसांचं मी बाटली गळली म्हणून लिहिलं. काकू, सहा आठवडे. फक्त कमिटी होऊ दे. नोकरी हातात आली की मी स्वतः जर्नलला कळवीन, नव्याने करीन, लांब नळ्या लावून करीन. शपथ. आत्ता हे बाहेर आलं तर संपलंच सगळं. व्हिसा माझ्या नोकरीवर. ओवीची शाळा इथे. ती मराठीसुद्धा नीट बोलत नाही, तिला घेऊन मी कुठे जाऊ?"

हा मुलगा वाईट नाही. खोटं बोलताना ज्याचा घसा कोरडा पडतो, तो मुळात खोटं बोलणारा नसतो. त्याच्यापुढचा चहा तसाच निवत होता.

सुप्रभाने विचारलं, "सहा आठवडे म्हणजे त्यांचे किती?"

त्याला कळलं नाही.

"तूच सांगितलं होतंस मला. उंदराचा एक महिना म्हणजे माणसाची अडीच-तीन वर्षं. सहा आठवडे म्हणजे चार वर्षं झाली. इतके दिवस आपल्याला माहीत नव्हतं, रे. आता माहीत आहे."

"उंदीर आहेत, काकू," तो अगदी हळू म्हणाला. म्हणताना त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"हो. उंदीरच आहेत," ती म्हणाली.

तो गेला. जाताना दारात म्हणाला, "कोणाला बोलू नका." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्याने ते आपल्या सोयीने घेतलं असावं.

शनिवारी ती खालच्या मजल्यावर ओइकावा-सानकडे गेली. तिला फक्त एवढंच हवं होतं, की सोमवारपासून त्या अकरा म्हाताऱ्यांच्या नळीखाली मूठभर भुसा दाबून ठेवावा. ओइकावा-साननी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठेवीन. पण आता तुम्ही नोकरीत नाही. तोंडी सांगण्यावर मी नियम मोडू शकत नाही. हिकित्सुगीत राहून गेलेलं कलम म्हणून लिहून द्या. तारखा घाला. शिक्का मारा." तिकडे सहीऐवजी नावाचा छोटा शिक्का चालतो. "आणि सुप्रभा-सान, ते कागद दप्तरात लागतील. मग सेन्सेई वाचतील."

"माहीत आहे," सुप्रभा म्हणाली.

वर आल्यावर तिने मला सांगितलं. मी म्हटलं, "सुप्रभा, त्या पोराचं काय?"

"तेच कळत नाही, ताई." ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठायच्या बेतात असल्यासारखी. "पेपर खोटा राहिला तर राहू दे, मी काही संशोधक नाही. पण त्यांना पाणी मिळायचा एवढा एकच रस्ता आहे, आणि तो त्याच्या अंगावरून जातो."

"आणि प्रयोगच बंद केला तर? मग त्यांचं काय करतात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बंद प्रयोगाचे प्राणी ठेवत नाहीत. मारतात." मग म्हणाली, "पण सेन्सेई म्हणतील कदाचित, आता नीट मोजू या म्हणून. म्हणतील. चांगले आहेत."

रविवारी कोणी जेवायला आलं नाही. दुपारभर ती टेबलाशी बसून लिहीत होती. एक पान. तीन वेळा फाडलं. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी ठरलेल्या मापाहून जास्त भुसा नळीखाली ठेवत होते. ही गोष्ट मी लिहिली नाही, ही माझी चूक आहे.' क्षितिजच्या परवाच्या सहा पिंजऱ्यांबद्दल तिने एक अक्षर घातलं नाही. शिक्का मारल्यावर तिने त्याला फोन लावला.

"मी उद्या कागद देणार आहे," ती म्हणाली. "सकाळी अकराला. नऊ वाजता तू सेन्सेईंना भेटलास तर ते तुझ्या तोंडून जाईल. तूच शोधून काढलंस म्हणून सांग. माझी चूक तुला सापडली म्हणून सांग."

तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होता. मग तिचा आवाज आला. "आईसारखी मानतोस म्हणूनच आधी तुला फोन केला."

सोमवारी अकरापर्यंत तिने वाट पाहिली. अकराला ओइकावा-सानना फोन करून विचारलं. क्षितिज सकाळी आला होता, पण सेन्सेईंकडे गेला नव्हता. तिने पाकीट फाटकावर नेऊन दिलं. दुपारी ओइकावा-साननी स्वतः अकराही पिंजऱ्यांत ओटे केले.

पुढचं सगळं फार वेगाने आणि फार सौम्यपणे झालं. मंगळवारी सेन्सेईंनी क्षितिजला बोलावलं. बाटली गळल्याची ती दोन दिवसांची नोंद त्यांनी वाचली होती. सहा बाटल्या एकाच दिवशी कशा गळल्या, एवढंच त्यांनी विचारलं. त्याने खरं सांगितलं. पेपर मागे घेतला गेला. देखभाल एकसारखी नव्हती, म्हणून सगळे आकडे निरुपयोगी ठरले, आणि आकडे निरुपयोगी म्हणून प्रयोग बंद. ऑगस्टच्या समितीपुढे त्याचं नाव जाणार नव्हतं. कोणी आवाज चढवला नाही. सुप्रभाला एक पत्र आलं: तिच्या दीर्घ सेवेबद्दल आभार आणि झाल्या प्रकाराबद्दल खेद, अशा भाषेत की वाचून दोष कोणाचा ते समजू नये. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मितालीने सुप्रभाचा फोन उचलला नाही. तिने तीनदा केला होता.

शुक्रवारी दुपारी क्षितिजचाच फोन आला. नीलकंठ केंद्रात होता, घरात आम्ही दोघीच. सुप्रभाचे हात पिठात होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, झालं," तो म्हणाला. "मीच केलं. ओइकावा-सान म्हणत होत्या मी करते. पण ज्याचा प्रयोग त्याने करायचं असतं."

"कधी?"

"सकाळी. अकरा होते, वेळ नाही लागला." श्वास घेतल्याचा आवाज आला. "त्याआधी बाटल्या मोजल्या मी. नऊ वाजता, तुम्ही मोजायच्या तशा. कशाला मोजल्या माहीत नाही. कुठे चढवायच्याही नव्हत्या."

सुप्रभाने पिठाचे हात तसेच टेबलावर टेकवले. "किती?"

"सत्तावीस. एकतीस. सव्वीस. सगळे साधारण तेवढेच. चारही दिवस. ओइकावा-साननीही रोज लिहून ठेवलंय. सगळे चढून पीत होते. कोणी खाली नुसतं बसलेलं नव्हतं." मग म्हणाला, "तरुणांएवढंच पितात, काकू. म्हातारेही तेवढंच पितात. इतकं साधं होतं. हे छापलं असतं तर चाललं असतं."

तिचे डोळे कोरडे होते, पण हनुवटी हलत होती.

"टोकियोजवळ ग्योतोकुला माझा मित्र आहे, सारंग. सॉफ्टवेअरमध्ये," तो म्हणाला. "तो म्हणतो, बघतो काहीतरी. मिताली ऐकून घेत नाही अजून. तिला वाटतं तुम्ही..." त्याने वाक्य सोडून दिलं. "काकू, मी तुमच्यावर रागावलो नाही, असं सांगायला फोन केला होता. पण रागावलोय. खूप."

"रागाव," सुप्रभा म्हणाली. "रागावायलाच हवं. पण फोन एवढ्यात ठेवू नकोस."

त्याने ठेवला नाही. बोललाही नाही. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. संस्थेच्या बाहेर कुठेतरी उभा असावा. ती टेबलाशी उभी होती, फोनकडे बघत, हातांवरचं पीठ वाळत चाललेलं. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले. सगळ्या घड्या झाल्या तरी त्या खोलीतून फक्त गाड्यांचाच आवाज येत होता.